भिंतीवरच्या इंदिराकाकू

टांग्यातून उतरलेल्या आजीबाई सत्तरीच्या पुढच्या होत्या आणि त्यांचं पोट करवंदं खाऊन दुखत होतं.

“घ्या नर्सबाई,” धोंडिबा टांगेवाला खाली उतरत म्हणाला. “कळा सुरू झाल्यात. माजा डझन काडा.”

“धोंडिबा, अरे यांचं वय तरी बघ.”

“वय कशाला बगू? पोट दुकतंय का न्हाई, त्यास्नीच इचारा.”

विचारलं. “लय दुकतंय गं बाय,” आजी म्हणाल्या. आता प्रकरण मिटलंच, अशा चेहऱ्याने धोंडिबाने माझ्याकडे पाहिलं.

आजींना मी ओवा आणि गरम पाणी दिलं. धोंडिबाला डझन दिला नाही. तो फाटकात उभा राहून अर्धा तास भांडला, मग घोड्याला पाणी हवं म्हणून आत आला आणि पुन्हा भांडला. त्या आठवड्यात टांगेवाल्यांनी आणलेली ही चौथी बाई. पहिलीची दाढ दुखत होती. दुसरीचं अजून लग्नच व्हायचं होतं. तिला फुकट टांग्यात बसायला मिळेल एवढंच सांगितलेलं. तिसरीला खरोखर दिवस गेले होते, पण तिसरा महिना होता आणि ती निघाली होती बाजारात बांगड्या भरायला. बाळंत व्हायला कोणी आलं नव्हतं.

ही गोष्ट लोणावळ्यातली, दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधीची. मी मिडवाइफ होते. मिडवाइफ म्हणजे रीतसर शिकलेली, परीक्षा दिलेली सुईण. लग्नानंतर दोन वर्षांत माझं कुंकू पुसलं गेलं, तेव्हा थोरल्या भावाने मला पुण्याला नर्सिंग शिकायला घातलं. शिकून झाल्यावर पहिली नोकरी मिळाली ती सोनटक्क्यांच्या प्रसूतिगृहात. चार खाटा, एक लेबर रूम, म्हणजे बाळंतपण करायची खोली, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून माझी राहायची खोली. पाडव्याला उद्घाटन झालं होतं. दोन महिने उलटले तरी रजिस्टर कोरंच. मी रोज सकाळी त्यात तारीख घालत असे आणि संध्याकाळी तारखेपुढे एक आडवी रेघ मारत असे.

सोनटक्के म्हणजे धंद्यातली माणसं. अण्णासाहेब सोनटक्क्यांच्या वडिलांनी खंडाळ्याच्या बंगल्यांतल्या साहेबांच्या घोड्यांना गवत पुरवण्यापासून सुरुवात केली. गवतातून सोडावॉटरचा कारखाना निघाला, गोटीच्या बाटल्यांचा. सोड्यातून अण्णासाहेबांनी कामशेतला भातगिरणी टाकली. मग साहेब लोक मोटारी घेऊन येऊ लागले. मोटारी गवत खात नाहीत. स्टेशनच्या वाटेवरची त्यांची भलीमोठी गवताची वखार रिकामी पडली.

अण्णासाहेबांच्या पत्नी इंदिराबाई दुसऱ्या बाळंतपणात गेल्या होत्या. घरी दोन दिवस अडल्या, म्हणून पुण्याला न्यायला काढलं, आणि गाडी यायच्या आत स्टेशनच्या बाकावरच संपलं. थोरली मुलगी शालू तेव्हा पाच वर्षांची. अण्णासाहेबांनी दुसरं लग्न केलं नाही. पुढे शालूचं लग्न झालं, ती तळेगावला सासरी गेली, आणि अण्णासाहेबांच्या मनाने घेतलं की पुण्याच्या गाडीची वाट बघत मावळातली दुसरी बाई मरता कामा नये. वखारीचं प्रसूतिगृह झालं ते असं.

त्यांनी कशालाच मागेपुढे पाहिलं नाही. लोखंडी खाटा, बाळंतपणाचं टेबल, अवजारं उकळायचा स्टरलाइझर, सगळं मुंबईहून आलं. दारावर संगमरवरी पाटी बसवली, ‘कै. सौ. इंदिराबाई सोनटक्के प्रसूतिगृह’. आणि लेबर रूममध्ये, टेबलाच्या बरोबर समोरच्या भिंतीवर, इंदिराबाईंचा पुरुषभर उंचीचा, रंग भरलेला फोटो. एका लहानशा फोटोवरून पुण्याच्या फोटोग्राफरने तो मोठा करून दिला होता. मूळ फोटो काढताना बाईंना बराच वेळ पापणी न लववता बसवलं असावं, कारण त्या बघणाऱ्यावर भयंकर चिडलेल्या दिसत. खोलीत कुठेही उभं राहा, नजर तुमच्यावरच. दर शुक्रवारी अण्णासाहेब स्वतः येऊन त्या फोटोला हार घालत. मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. तीन वर्षं शिकून मी तेवढी हुशार झाले होते.

अण्णासाहेबांचे धाकटे भाऊ बापूसाहेब सोड्याचा कारखाना बघत. त्यांना रिकाम्या बाटल्या ठेवायला जागा पुरत नव्हती. ते येताजाता आत डोकावत.

“काय नर्सबाई, गिऱ्हाईक?”

“नाही अजून.”

“दसऱ्यापर्यंत बघू. दादाचा हट्ट पुरा होऊ दे. मग खाटा धर्मशाळेला देऊन टाकू आणि इथे क्रेट लावू.” असं म्हणून ते लेबर रूमची लांबीरुंदी पावलांनी मापून घेत.

खाटा निघाल्या की माझी खोलीही जाणार होती. भावाकडे परत जाऊन वहिनीच्या हाताखाली भाकऱ्या थापायच्या, एवढंच मग हातात होतं. मला ती नोकरी हवी होती. ती खोलीसुद्धा हवी होती. जन्मात पहिल्यांदा दाराला आतून लावायची माझी स्वतःची कडी होती ती.

अण्णासाहेबांना हा सगळा प्रश्न धंद्याचा वाटला.

“माल चांगला आहे. जागा मोक्याची आहे. मग गिऱ्हाईक का येत नाही?”

“अण्णासाहेब, बाळंतीण म्हणजे गिऱ्हाईक नव्हे.”

“तेच ते हो. आमचा सोडा तरी पहिल्या वर्षी कोण पीत होतं? टांगेवाल्यांना हाताशी धरलं, त्यांनी पॅसेंजर आणून दुकानासमोर उतरवले, तेव्हा खप सुरू झाला.”

तीच युक्ती त्यांनी इथे लावली. जो टांगेवाला बाळंतीण आणील, त्याला डझनभर सोडा. पुढे काय झालं ते सांगितलंच आहे. ही योजना बंद पडली त्याचं कारण म्हणजे स्टेशनवरून हॉटेलात निघालेली एक मडम. ती नुसती धष्टपुष्ट होती. धोंडिबाने तिला आमच्या दारात उतरवून माझ्याकडे डझन मागितला. मडमेला आपण कुठे आलो आहोत हे लेबर रूममध्ये शिरल्यावर कळलं. तिचं इंग्रजी मला सगळं समजलं नाही, पण अण्णासाहेबांना दुसऱ्या दिवशी हॉटेलात जाऊन माफी मागावी लागली.

मग मी माझं डोकं चालवलं. आपल्याकडे बाळंतीण बाजेवर निजते. सुंभाने विणलेली बाज, तिच्याखाली निखाऱ्यांची शेगडी, म्हणजे विणीतून अंगाला शेक मिळतो. आमच्या खाटांवर जाड गाद्या. खाली शेगडी ठेवली असती तर आधी गादी पेटली असती. बाया येत नाहीत त्या यामुळेच, असं मी ठरवलं आणि अण्णासाहेबांना सांगून दोन बाजा विणून घेतल्या. डॉक्टर आठवड्यातून दोनदा खंडाळ्याहून येत. करायला काहीच नसल्यामुळे व्हरांड्यात बसून पेपर वाचत. त्यांना बाजा पसंत पडल्या नाहीत.

“नर्स, बाजेत ढेकूण होतात.”

“डॉक्टर, ढेकूण व्हायला त्यावर आधी कोणीतरी झोपावं लागतं.”

ते पुन्हा पेपर वाचू लागले. बाजा आल्या, शेगड्या आल्या, बाळंतीण काही आली नाही.

शेवटी एक नवं लुगडं घेऊन मी वलवणला हौसाबाईकडे गेले. हौसाबाई त्या भागातली नावाजलेली सुईण. निम्म्या लोणावळ्याची नाळ तिने कापलेली. तीच बायांना माझ्याविरुद्ध फितवते, असं मी मनात धरून चालले होते. लुगडं देऊन, गोड बोलून, तिला आपल्या बाजूला वळवायचं असा माझा बेत होता. तिने लुगडं घेतलं, उलगडून बघितलं, घडी करून बाजूला ठेवलं.

“मावशी, खरं सांगा. आमच्याकडे जाऊ नका असं तुम्ही बायांना सांगता का?”

“म्या? म्या कशाला सांगू? आडल्याली बाई माज्या हातात मेली तर मला काय ग्वाड वाटतं व्हय? उलट म्या म्हंती, जावा सोडावाल्याच्या दवाखान्यात. त्या जात न्हाईत. आन खरं सांगू का बाई, मीबी गेली नसती.”

“का पण?”

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. “तुमी शिकल्याल्या हायसा. त्या खोलीत टेबलाच्या म्होरं काय हाय?”

“भिंत.”

“आन भितीवर?”

“इंदिराबाईंचा फोटो.”

“ती कशानं गेली?”

माझ्या उत्तराची तिने वाट बघितली नाही.

“आडून गेली बाळंतपनात. आन तिच्याच म्होरं बाईला उतानी निजवायची, आन म्हनायचं, भिऊ नगंस. दारावर बी तिचंच नाव. बाळंतपनात गेल्याली बाई हडळ व्हती म्हंत्यात. म्या न्हाई म्हनत. इंदिरा लय ग्वाड बाई, शालू माज्याच हातची. पन कळा येत असत्यात तवा बाई इचार करत न्हाई. निस्ती बगती.”

“मग हे अण्णासाहेबांना कोणी सांगितलं कसं नाही?”

“कोन सांगंल? बायकू त्यांची, दवाखाना त्यांचा.”

वलवणहून परत येताना मला स्वतःचीच लाज वाटत होती. दोन महिने मी त्या टेबलाच्या पायथ्याशी उभं राहून खोली बघत होते. टेबलावर आडवं पडून एकदाही बघितली नव्हती. आल्या आल्या मी दार लावून घेतलं आणि टेबलावर जाऊन पडले. इंदिराबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी ताडकन उठून बसले. आणि मला तर कळाही येत नव्हत्या.

येत्या शुक्रवारी अण्णासाहेबांना सांगायचं ठरवलं. ते आले, जुना हार काढला, नवा घातला, दोन पावलं मागे सरून उभे राहिले.

“अण्णासाहेब, या फोटोबद्दल जरा...”

“सुरेख आलाय, नाही का?” ते म्हणाले. “ती होती तेव्हा मी रोज पहाटे गिरणीवर. तिच्याकडे असं उभं राहून बघायला सवडच झाली नाही.”

“काच पुसून घेते म्हटलं,” असं मी म्हणाले आणि खरोखर पुसायला घेतली.

मग जरा आडवाट धरली. लेबर रूमला चुना द्यायचा म्हणून फोटो उतरवून बाहेर व्हरांड्यात ठेवला आणि तिथेच राहू दिला. डॉक्टरांना त्या नजरेसमोर पेपर वाचवेना, ते खुर्ची उचलून झाडाखाली गेले. शुक्रवारी अण्णासाहेब आले. “अरेरे, बाहेर कशाला? तिला वारा सोसत नसे,” असं म्हणून त्यांनी फोटो पुन्हा आत, पहिल्यापेक्षा हातभर वर आणि पहिल्यापेक्षा मोठ्या खिळ्यावर लावला. शिवाय दोन्ही बाजूंना दोन समया ठेवल्या आणि उदबत्तीचं घर. आता ती खोली अगदी बाराव्या-तेराव्याच्या तयारीतली दिसू लागली. मी हात टेकले.

आषाढात शालू आली. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाप्रमाणे तिला सातव्या महिन्यातच आणलं होतं. एकोणीस वर्षांची, लहानखुरी, हसरी पोर. डॉक्टरांनी तपासलं, मीही तपासलं. बाळ ज्या हाडांच्या कड्यातून बाहेर येतं, त्याला आम्ही पेल्विस म्हणतो. शालूचा पेल्विस अरुंद होता. तिच्या आईचाही तसाच असणार.

“घरी करू नका,” डॉक्टरांनी अण्णासाहेबांना स्पष्ट सांगितलं. “अडली तर अवजारं लागतील.”

अण्णासाहेबांची काहीच हरकत नव्हती. हरकत होती त्यांच्या आईची, गोदाक्कांची. गोदाक्कांनी तरुणपणी विहिरीवर बसून सोड्याच्या बाटल्या धुतल्या होत्या, आणि आता घरात पान हललं तरी त्यांना विचारून हलत असे.

“न्हाई,” त्या म्हणाल्या. “माजी नात घरातच बाळंत व्हईल. हौसा हाय. धर्माच्या दवाखान्यात कशापायी? लोक म्हंतील, सोनटक्क्याला लेकीच्या बाळंतपनाला ऐपत न्हाई.”

“आई, तो दवाखाना आपलाच आहे!”

“आपुन दिल्याला हाय. दिल्यालं आपुन वापरत न्हाई.”

अण्णासाहेबांनी शालूकडे पाहिलं. शालू खाली मान घालून पदराचा काठ चुरगळत बसली. नंतर मला एकटीला गाठून ती म्हणाली, “बाई, आई मला आठवतसुद्धा नाही हो. स्टेशनचं बाकडं तेवढं आठवतं. त्या फोटोसमोर मला नका नेऊ. आणि अण्णांना सांगू नका, त्यांना फार लागेल.”

“सांगितलं नाही तर तू येशील का?”

“नाही.”

“मग मी करू काय?”

ती रडायला लागली. मलाही रडू येत होतं, पण माझ्या अंगावर युनिफॉर्म होता. त्या घरात अण्णासाहेब सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. गोदाक्कांच्या मनातही तेच होतं. तोंडाने त्या ऐपतीचं बोलत होत्या, एवढंच. सगळे मिळून एका माणसाचं मन जपत होते आणि त्यापायी एक पोरगी मरायची वेळ आली होती.

भाद्रपदात एका सकाळी शालूला कळा सुरू झाल्या. हौसाबाई वलवणहून आली, मीही गेले. दहा वाजेपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग गाडी थांबली. आम्ही म्हणतो, प्रोग्रेस नाही. कळा येतात, बाई थकते, बाळ जागचं हलत नाही. बारा वाजता हौसाबाईने हात धुतले आणि गोदाक्कांच्या देखत मला म्हणाली, “बाई, हितं माजं काम सपलं. आता तुमचं. येळ लावू नगा.”

टांगा दारात आला. धोंडिबाच होता. शालूने दोन्ही हातांनी बाजेचा खूर घट्ट धरला.

“मी नाही जायची. मी नाही जायची तिथे!”

अण्णासाहेब दाराबाहेर उभे होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. “अगं, पण मी ते बांधलं कुणासाठी?” ते ओरडले. “शालू! त्या वेळी तुझ्या आईला काही मिळालं नाही म्हणूनच ना बांधलं? तिचं नाव दिलं, तिला तिथे बसवली...”

“हां, तितं बसवलीस!” गोदाक्का उसळून उठल्या. “तीच तर खोट हाय. बाळंतपनात गेल्याली बाई बाळंतिनीच्या डोळ्याम्होरं बसवलीस. मावळातली एक बाई तुज्या दवाखान्याची पायरी चडंना, ती कशापायी? सोडा प्याया मिळंना म्हून? आता तुजी लेक चडंना. आदी तिच्या आईला तितनं हलव!”

आत शालू कण्हत होती.

अण्णासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “नर्सबाई, खरं आहे हे?”

“खरं आहे.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“ज्येष्ठात कळलं. सांगायचा धीर झाला नाही.”

त्यांनी टोपी घातली. दारातून आत न बघताच म्हणाले, “शालू, तू मागून ये. मी पुढे होतो.” आणि लोणावळ्याचे प्रतिष्ठित व्यापारी अण्णासाहेब सोनटक्के धोतराचा सोगा हातात धरून, भर दुपारी, बाजारपेठेतून पळत निघाले. लोक दुकानांतून खाली उतरून बघायला लागले. काहींना वाटलं गिरणीला आग लागली. ते त्यांच्या मागे बादल्या घेऊन पळाले.

शालू, गोदाक्का, हौसाबाई आणि मी, असा आमचा टांगा बेताबेताने दवाखान्याशी पोचला तेव्हा अण्णासाहेब व्हरांड्यात उभे होते. फोटो दोन्ही हातांनी कवटाळलेला, मोठा खिळा अजून मागे लोंबत होता, आणि अंगणात बादल्या घेतलेली दहा-बारा माणसं. फोटो कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. शालूने खाली पाय टाकला, वर पाहिलं आणि थबकली. दारावरची पाटी. ‘कै. सौ.’ लांबूनसुद्धा वाचता येत होतं.

पाटी सिमेंटात बसवलेली. गवंड्याशिवाय निघणार नव्हती. अण्णासाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. फोटो डॉक्टरांच्या हातात कोंबला. सुदैवाने तो डॉक्टरांचा पेपर वाचायचा दिवस होता. स्वयंपाकघरातून तांदळाचं रिकामं गोणपाट आणलं, खुर्चीवर चढले आणि उद्घाटनाच्या तोरणाचे जे खिळे राहिले होते त्यांवर ते गोणपाट टांगलं. पाटी झाकली गेली. गोणपाटावर त्यांच्याच गिरणीचा हातभर मोठा निळा शिक्का होता: ‘आंबेमोहोर. नवा माल.’

शालूने ते वाचलं. एक कळ येऊन गेली होती आणि दुसरी यायची होती, त्या मधल्या वेळात ती पोर हसली. आणि पायरी चढली.

“आन ही?” हौसाबाईने फोटोकडे बोट दाखवलं.

“तिला चुलीपाशी न्या,” गोदाक्का म्हणाल्या. “जलमभर तितंच व्हती. तितं तिला कुनी भ्यालं न्हाई.”

इंदिराबाई स्वयंपाकघरात गेल्या. शालू लेबर रूममध्ये गेली. समोर आता चुना दिलेली कोरी भिंत आणि एक भोक. डॉक्टरांनी फोर्सेप्स लावले. फोर्सेप्स म्हणजे दोन लांब पळ्यांचा चिमटा. त्याने बाळाचं डोकं अलगद धरून कळेबरोबर ओढायचं असतं. हौसाबाई शालूचा हात धरून उशाशी उभी होती. “बाहेरच्या माणसाने थांबायचं नाही,” असं डॉक्टर म्हणाले. “मंग तुमी जावा,” हौसाबाई म्हणाली. थांबले दोघेही. तीनच्या सुमाराला मुलगी झाली. आधी गप्प होती, मी पाठीवर चापटी मारली, मग अशी रडली की अंगणातल्या बादलीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी सांगायला मागे गेले. अण्णासाहेब चुलीपुढे पाटावर बसले होते. फोटो समोर, पिठाच्या डब्याला टेकून ठेवलेला.

“मुलगी झाली, अण्णासाहेब. दोघी सुखरूप आहेत.”

ते फोटोकडे वळून म्हणाले, “ऐकलंस का गं? सुटली तुझी लेक.” आणि पंच्यात तोंड खुपसून पोटभर रडले. मी बाहेर आले तर फाटकात धोंडिबा उभा.

“नर्सबाई, आता तरी?”

त्याला दोन डझन दिले.

आठ दिवसांत हौसाबाई वलवणची एक बाई स्वतः घेऊन आली. मग दुसरी आली, तिसरी आली. दसऱ्याला चारी खाटा आणि दोन्ही बाजा भरलेल्या होत्या. बापूसाहेब मापं घ्यायला आले तेव्हा त्यांना दारातच एका बाळाच्या धुण्याचं पाणी अंगावर झेलावं लागलं. पुढे गवंड्याने पाटी काढली. ती फेकवेना, म्हणून अण्णासाहेबांनी स्वयंपाकघराच्या दारावर बसवून घेतली. त्यामुळे पुण्याहून आलेल्या इन्स्पेक्टरने रिपोर्टात लिहिलं की या संस्थेत प्रसूती चुलीजवळ केली जाते. तो रिपोर्ट निस्तरायला मला वर्ष लागलं.

फोटो मात्र तिथे शोभला. ती चिडकी नजर स्वयंपाकघरात फारच कामाला आली. पूर्वी डिंकाच्या लाडवांचं तूप महिनाअखेरीला संपायचं. इंदिराबाई समोर बसल्यापासून पुरून उरायला लागलं. स्वयंपाकीणबाई तर फोटोला विचारून मीठ घालत. बाळंतिणी घरी जाताना सांगत, “इंदिराकाकूंच्या हातचं जेवन लय ग्वाड.” अण्णासाहेबांचा शुक्रवारचा हार शेवटपर्यंत चुकला नाही. हार घालून झाला की ते तिथेच पाटावर बसून एक लाडू खात.

पुढच्या दारावर दुसरं नाव काही लागलं नाही. पाटी निघाली तिथे सिमेंटाचा खड्डा राहिला, तो दिसू नये म्हणून गोणपाट तसंच ठेवलं, आणि तोवर लोकांनी नाव पाडूनही टाकलं होतं: आंबेमोहोराचा दवाखाना. तिथे जन्मलेल्या पोरांना अजूनही कामशेतपर्यंत ‘नवा माल’ म्हणतात.

महायुद्ध संपता संपता अण्णासाहेब गेले. तेराव्यानंतर बापूसाहेब गवंडी आणि एक मोठी संगमरवरी पाटी घेऊन दवाखान्यात आले. ‘कै. अण्णासाहेब’ वगैरे सोन्याच्या रंगात कोरलेलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यांना नाही म्हणणं सोपं नव्हतं. शालू तिच्या मुलीला घेऊन आली होती. तिने पाटी वाचली आणि शांतपणे म्हणाली, “लावा काका. बाईंकडे गोणपाट आहे.”

ती पाटी गिरणीवर लागली. तिथे ती कुणाला खुपली नाही.

चाळीस वर्षं या कामात काढल्यावर मला एवढंच सांगता येईल: दान देणाऱ्याने नाव लावावं, त्यात काही गैर नाही. फक्त ते नाव वाचत ज्याला आडवं पडायचं आहे, त्याला आधी विचारावं. गोणपाट मी माझ्या नोकरीत तीनदा बदललं. शिक्का दर वेळी तोच मागून घेतला.